चिंचेचे पाय

"पण सर, सही करायला अडचण तरी काय आहे?"

रेवती हळदणकरने हे तिसऱ्यांदा विचारलं.

मुजावरसर इस्पितळाच्या अंगणातल्या चिंचेपाशी उभे होते. ताप बघावा तसा त्यांनी बुंध्यावर तळहात ठेवला होता.

दोन वर्षं ती त्यांच्या हाताखाली शिकली होती. लँडस्केप आर्किटेक्टच्या परवान्याची परीक्षा तिने पहिल्या झटक्यात काढली, तीही वरच्या नंबराने. आता उरली होती फक्त गुरूची सही. अर्जावर ओळ छापलेली होती, 'यांचं काम मी जागेवर जाऊन पाहिलं आहे.' तिच्याखाली सरांनी पेन टेकवायचं, बस्स.

आज शेवटची तारीख. कचेरी पाऊण तासावर, ती पाचला बंद. आत्ता सव्वातीन. हुकलं तर थेट पुढचं वर्ष.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं सर तिला पहिल्या दिवसापासून चिडवायचे. आज चिडवतही नव्हते, त्याने तिचा जीव आणखी वरखाली होत होता.

"सर, हे माझं सगळ्यात चांगलं काम आहे. ठेकेदार चिंच तोडायला निघाला होता. मी भांडून वाचवली. स्ट्रेचर नीट जावं म्हणून अख्खं अंगण भराव घालून एका पातळीत आणलं. झाडाला हा पार बांधला. बघा, माणसं बसलीत."

बसली होतीच. काळ्या दगडाचा गोल देखणा पार, बुंध्यापर्यंत लाल माती भरलेली. त्याच्या कडेला पेशंटांचे नातेवाईक डबे सोडून बसले होते. पाराचा फोटो अर्जाच्या पहिल्याच पानावर होता, खाली ठळक अक्षरांत 'जुन्या वृक्षाचे जतन'.

"रेवती…"

"हो सर?"

"झाडाचे पाय कुठे आहेत?"

तिला वाटलं, सर सूफी वगैरे काहीतरी सुरू करणार. पाराखाली बोट दाखवून ती म्हणाली, "खाली. मुळं म्हणताय ना?"

"मुळं नाही. पाय."

"सर, साडेतीन होत आले."

सरांनी खांद्यावरच्या पिशवीतून खुरपं काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

"आत्ता?"

सर खुरपं तसंच धरून राहिले.

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नंबरात आलेल्या मुलीला चारचौघांत माती उकरायला लावायची, हा कुठला न्याय? पण सही अडली होती. तिने ओढणी कमरेला खोचली, पारावर चढली आणि बुंध्याला लागून खुरपं मारलं. वीतभर उकरून मान वर केली.

"झालं?"

"पाय दिसले?"

"नाही."

"मग?"

ती पुन्हा वाकली. पारावर बसलेली एक बाई डबा बाजूला ठेवून कौतुकाने बघू लागली.

"काय हुडकालाय वो ताई? कानातलं पडलं काय?"

रेवतीने दात-ओठ खात नुसती मान हलवली.

हातभर माती निघाली तरी बुंधा तसाच, रोवलेल्या खांबासारखा सरळ खाली जात होता. साल मात्र बदलली होती. वर करडी, खरखरीत. इथे काळी आणि ओली. तिने बोट लावलं तर साल बोटाबरोबर निघून आली. आंबूस वास नाकात गेला.

तिचा हात थांबला.

मग ती घड्याळ न बघता उकरायला लागली. खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा बुंधा पसरत गेलेला बोटांना लागला. हेच ते पाय. तिथून तीन जाड मुळं तीन दिशांना निघाली होती. जुनी जमीन ती होती. झाड शंभर वर्षं तिथे उभं होतं, आणि तिने त्याला मांडीपर्यंत गाडलं होतं.

तिने वर पाहिलं. पश्चिमेच्या फांद्यांवर यंदा पालवी आली नव्हती. ते तिने गेल्या महिन्यातच बघितलं होतं, आणि ऊन जास्त पडलं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"पण सर… गावोगाव पार आहेत. शेकडो वर्षांचे."

"वडाचे. पिंपळाचे. त्यांना चालतं, ते मातीत नवी मुळं सोडतात. हिला नाही जमत."

"मरेल?"

"लगेच नाही. तीन-चार वर्षं घेते. तोवर तुझा परवाना भिंतीवर टांगलेला असेल."

बुंध्यावर माती चढवू नये, हे पुस्तकातलं पान रेवतीला पाठ होतं. परीक्षेत त्यावर तिने पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले होते. त्याची आता तिला लाज वाटली.

सरांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं.

"आण तो अर्ज. चार वाजलेत, पोचशील."

तिने मातीच्या हाताने पिशवीतून अर्ज काढला. पहिलं पान बघितलं. फोटोत पार खरंच छान दिसत होता… माती उद्याही काढता आली असती. सही आजच मिळणार होती.

तिने अर्ज अर्धा पुढे केला.

सरांनी हात पुढे केला नाही, मागेही घेतला नाही.

रेवतीने अर्ज दुमडून पिशवीत परत कोंबला.

"हा फोटो लावून नको, सर. आणि याच्याशिवाय दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. पुढच्या वर्षी बघू."

घरी काय सांगायचं, हेही त्याच क्षणी मनात येऊन गेलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. शाबास म्हणाले नाहीत.

ती पुन्हा उकरायला बसली. दुसऱ्या बाजूचे पाय अजून मातीत होते. ती बाई आता उठून अगदी जवळ आली.

"पार मोडालाय व्हय? मग आमी बसायचं कुटं? माझी सून आत हाय, दोन दिस झाले."

"बसायची सोय करते, मावशी. झाडापासून लांब करते. पण आधी ही माती काढू दे."

"एकल्यानं कवा व्हायचं त्ये…" असं पुटपुटत बाई गेली आणि इस्पितळाच्या मागून एक फुटकं घमेलं घेऊन आली. रेवती भरायची, ती ओतून यायची.

पाच वाजले. कुणी घड्याळ बघितलं नाही.

सर पारावर टेकले. सांधे धरलेले, तरी हळूहळू गुडघ्यावर आले आणि हातानेच माती ओढू लागले. रेवती त्यांना नको म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही.



मग तिने विचारलं, "सर, वरून नुसता हात लावून तुम्हाला कसं कळलं?"

मुजावरसरांची बोटं मातीत थांबली…

"माझ्या अर्जात असाच पार बांधलेल्या कडुलिंबाचा फोटो होता. सही मागताक्षणी मिळाली."