आवळत जाणारी कंचुकी

एका राज्यात वज्रकेतू राजा होता, आणि आपल्या मुलीची कंबर मुठीत मावावी असा त्याचा हट्ट होता. राजाचाच हट्ट, त्याला कोण अडवणार? कर्दम मांत्रिकाने काम अंगावर घेतले. त्याने जाड कापडाचे तीन पदर खळ देऊन कडक केले, त्यांत महामत्स्याच्या जबड्यातल्या काळ्या काड्या ओवल्या, पुढे मधोमध शिसवी लाकडाची पट्टी बसवली. ती कंचुकी राजकन्या मंदाकिनीला घालून त्याने पाठीमागे दोरी आवळली. राजा खूश झाला. पण रोज मध्यान्हीचा नगारा वाजला की दोरी आपोआप एक बोट आवळू लागली.

कर्दम म्हणाला, "अर्धे राज्य द्या. ही लोखंडाने कापली जाणार नाही. गाठ माझ्याच हाताने सुटेल."

सातव्या दिवशी राजकन्येला चार पायऱ्या चढवेनात. सरदारांनी गाठीवर तलवारी चालवल्या, तर तलवारींनाच खाचा पडल्या. आठव्या दिवशी आवडाबाई शिंपीण आली. तिच्या खांद्यावर साळुंकी होती.

"बाईसाहेब, माझ्याकडे तोंड करा," आवडाबाई म्हणाली. "गाठीशी माझं काम नाही."

साळुंकी म्हणाली, "कामे तीन. पट्टी काढ, काड्या नमव, शिवण उसव. आजचा नगारा हिला सोसणार नाही."

आवडाबाईने पट्टीच्या खिशाची फीत सोडली. पट्टी म्हणाली, "मी इथे बरी आहे."

"अंगणात जा, पालवी फुटेल."

पट्टी निमूट बाहेर आली. अंगणात टाकताच तिला पाने फुटली. मग आवडाबाईने गरम मिठाच्या पाण्याचे फडके काड्यांवर ठेवले. त्यांना समुद्र आठवला आणि त्या मऊ पडल्या.

पट्टीखाली शिवण होती. कापड कापले जात नसेल तर शिवण उसवावी, एवढे शिंप्यांना कळते. सरदारांना कोण सांगणार? आवडाबाईने साळिंदराच्या काट्याने टाके काढले. शेवटचा टाका मात्र काढला की पुन्हा बसे.

"तो जिच्या अंगावर, तिनेच काढायचा," साळुंकी म्हणाली.

"मी?" राजकन्या धापा टाकत म्हणाली. "माझे कपडे दासी सोडतात. मला येत नाही."

"आत्ता शिका," आवडाबाई म्हणाली.

काटा दोनदा निसटला. बाहेर नगाऱ्यावर पहिली टिपरी पडली. दारात उभ्या राजाला रडू आवरेना. "काढ, बाळ. चूक माझी आहे."

राजकन्येने दात आवळून काटा घातला आणि ओढला. टाका निघाला. कंचुकी पुढून उघडून खाली पडली. आवळायला काही न उरल्याने दोरी उडाली ती थेट बाहेर वाट पाहणाऱ्या कर्दमाच्या पोटाभोवती आवळून बसली. गाठ पाठीमागे होती, आणि तिथवर त्याचा हात पोचेना. तो तसाच राज्याबाहेर पळाला.

"काय देऊ तुला?" राजाने मुलीला विचारले.

"बाबामहाराज, यापुढे माझ्या कपड्यांच्या गाठी पुढे असतील. किती आवळायच्या ते मी ठरवीन."

राजाने मान डोलावली. मग राजकन्येने ताट मागवले, आणि आठ दिवसांनी ती पोटभर जेवली.