हुलग्याच्या पट्टीवरची शीळ

एकदा एक वृद्ध रानराखा एका जहागिरीचे शिकारी रान सांभाळीत होता. चाळीस वर्षांनंतर त्याचे गुडघे थकले, तेव्हा हाताखाली एक तरुण शिष्य घेऊन तो त्याला रानाची विद्या देऊ लागला. रानाच्या मध्यावर मचाणासमोर एक मोकळी पट्टी होती. पाऊस ओसरला की तिथे हुलगा पेरायचा, कोवळ्या पाल्याच्या ओढीने चितळे यायची आणि पौषात जहागीरदार पाहुण्यांसह शिकारीला बसायचे, अशी तिथली रीत होती.

त्या वर्षी जहागीरदारांनी सांगितले की पेरणी शिष्याने एकट्याने करावी. शिकार मनाजोगी झाली तर रानराख्याची जागा त्याची. नाहीतर बाहेरचा माणूस येईल. शिष्याला ना घर होते ना माणसे. या रानापलीकडे त्याला काही येतही नव्हते.

त्याने जीव ओतून काम केले. कुंपण घालून गुरे अडवली, ओढ्याचे पाणी कावडीने आणून घातले, चितळांना चाटायला बांधावर खडेमीठ ठेवले. कार्तिकात पट्टी हिरवीगार झाली आणि सगळा कळप तिथे उतरला. पुढे तर चितळे इतकी निवांत झाली की शिष्य शेजारून गेला तरी मान वर करीनात. एक मादी त्याच्या सावलीतच चरायची. जहागिरीचा कारभारी पाहायला आला तेव्हा हसून म्हणाला, "अरे, यांना बंदूक कशाला? दावं लावलं तरी मागोमाग येतील." शिष्याला तो गौरव वाटला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी झुडपांतून शीळ घुमली. रानकुत्री सावजाला घेरताना जशी घालतात तशी. चितळे दचकली, पण पळेनात. मग झुडपांतून स्वतः म्हाताराच काठी आपटीत, ढेकळे भिरकावीत बाहेर आला आणि त्याने सारा कळप उधळून लावला. दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या बाजूने आला. असे तो पंधरा दिवस अवेळी येत राहिला. कळप दर वेळी परतायचा, पण दर वेळी कमी.

शिष्य लाजाळू होता. विचारायची हिंमत होईना आणि मनात नाही नाही ते येई. म्हाताऱ्याला आपली जागा सोडवत नाही, असे त्याला वाटू लागले. शेवटी एका सकाळी त्याने धीर केला. म्हणाला, "बाबा, माझ्या तोंडचा घास का काढता? नको असेन तर तसं सांगा, मी जातो."

म्हातारा बांधावर बसला. त्याने गुडघे चोळले आणि शांतपणे सांगू लागला.

"शेजारच्या जहागिरीत माझा गुरुबंधू होता. हात तुझ्यासारखाच गुणी. त्याच्या पट्टीवरची हरणं माणसाला भीत नव्हती. एका बैठकीत चौदा पडली. पहिलं पडलं तरी बाकीची खातच होती. उरली ती उन्हाळ्यात रानकुत्र्यांनी नेली, कारण वारा हुंगायचं ती विसरली होती. आता तिथल्या मचाणाला वाळवी लागलीय. पोरा, सरकार वर्षातून एकदा बंदूक उचलतात. रान रोज उचलतं. आपण बोलावून खाऊ घालतो ना, मग भीतीही आपणच पेरायला हवी. नुसता घास म्हणजे आमिष."

 त्या संध्याकाळी झुडपांतून जी शीळ आली ती शिष्याची होती. सावलीत चरणारी मादी क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने ढेकूळ उचलले आणि तिच्या पायाशी फेकले. त्या दिवशी तो जेवला नाही.

पौषात पाहुणे मचाणावर बसले. चितळे आली, पण एकेक करून, कान टवकारून, मध्येच थबकत. पहिल्या बाराला एक म्हातारा लंगडा नर पडला. दुसरा बार भरेपर्यंत पट्टी रिकामी झाली होती.

कारभाऱ्याने सर्वांदेखत शिष्याला धरले. "सरकारचं बी, सरकारचं मीठ. इतके दिवस हरणांना खायला घातलंस, की पळायला शिकवलंस?"

शिष्याची मान खाली होती. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिले, पण म्हातारा दूर झाडांकडे पाहत होता.

"दोन्ही," शिष्य म्हणाला. "एक सरकारांसाठी, एक रानासाठी. पुढच्या पौषातही ती असायला हवीत."

 जहागीरदार मचाणावरून उतरले. मोकळ्या पट्टीतून चालत गेले, खुरांनी उकरलेली माती पायाने सारखी करीत थोडा वेळ उभे राहिले. मग कारभाऱ्याला डावलून त्यांनी शिष्यालाच विचारले, "पुढच्या साली हुलगा कधी पेरणार?"

"पाऊस ओसरला की, सरकार," तो म्हणाला.