करकरती कोल्हापुरी

कोल्हापुरातल्या पोहण्याच्या शर्यतीत हौसाक्काची भाची सुलू आठ मुलींत पहिली आली. राज्याच्या संघात एकच जागा होती, ती आता तिचीच. पण मुख्य पंच भोईटेसाहेब आडवे आले. साहेबांना दोनच गोष्टींचा गर्व. एक हातातलं नियमांचं पुस्तक, दुसरी पायातली करकरणारी कोल्हापुरी. शर्यत सुरू झाली की चुका धरायला ते पोहणाऱ्यांच्या बरोबरीने काठाकाठाने चालत.

"मुलगी बाद!" साहेब गरजले. "बाहेरून कुणी ताल देऊन पोहणाऱ्याचा वेग वाढवायचा नाही, असा नियम आहे. ही हौसाक्का वर प्रेक्षकांत बसून बांगड्या वाजवत होती!"

सुलूचे डोळे भरले. हौसाक्का पदर खोचून खाली आली. शाळा तिने पाहिली नव्हती, पण कान शाबूत होते.

"साहेब, पाण्यात तोंड घातलेल्या पोरीला माझ्या बांगड्या ऐकू येत्यात व्हय?"

"येतात! पाण्यात आवाज चांगला पोचतो. शिकलेल्याला विचारा."

"मग बरं झालं. मी तर लांब बसल्याली. पाण्याच्या कडंनं ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर करकर करत कोण चाललं हुतं? ती तर आठी पोरींनी ऐकली असंल. करा आठींना बाद, आन् ताल देणाऱ्याचं नाव बी लिवा!"

लोक खदखदले. साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग पायांकडे.

"तशा बांगड्या... ऐकू येत नसाव्यात," ते पुटपुटले आणि त्यांनी संघाच्या यादीत सुलूचं नाव लिहिलं.

दुपारच्या शर्यतीला साहेब तापलेल्या फरशीवर अनवाणी उतरले. त्या दिवशी सगळ्यांत वेगात तेच गेले म्हणतात, आणि तेही कुणी ताल न देता.