एकवीस थरांची थप्पी

"पण बाबा, थप्पी चुकीची लागली होती की नव्हती, तेवढंच सांगा ना!"

भूपाल मगदूमनं हे तिसऱ्यांदा विचारलं. दस्तगीरबाबा दर्ग्याच्या ओट्यावर माळ ओढत राहिले.

मी दर्ग्यात झाडलोट करतो आणि दोन वेळची भाकरी बाबांसोबत खातो. त्या दिवशी जे ऐकलं तेवढंच सांगतो. पदरचं काही घालत नाही, घालायची गरजही नाही.

फकीर व्हायच्या आधी बाबा टेकडीखालच्या साखर कारखान्यात हमालांचे मुकादम होते. गोदामात पोत्यावर पोतं रचून थप्पी लावावी तर बाबांनीच, असं आजही लोक म्हणतात. भूपाल तिथं नवा लागला तेव्हा भरलेलं पोतं कुठं धरायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. बाबांनी शिकवलं. आता तो तिथंच पॅकिंगचा मोठा साहेब झालाय, पुण्यामुंबईला जाऊन भाषणं देतो. तरी दर गुरुवारी न चुकता बाबांच्या पायांवर डोकं ठेवायचा, हे मात्र खरं.

त्या दिवशी गुरुवार नव्हता.

त्याच्या चार दिवस आधी गोदामातली थप्पी घसरली. वर बाबांच्या हाताखालचा जुना हमाल इराप्पा होता. पोती उपसून त्याला बाहेर काढला तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून एकही हमाल गोदामात पाय टाकेना. चूक कुणाची ते दस्तगीरबाबांनी सांगावं, मग बघू, एवढंच त्यांचं म्हणणं.

भूपाल कागद तयारच करून घेऊन आला होता. थप्पी इराप्पानं चुकीची लावली, असं त्यात लिहिलेलं. बाबांना लिहिता येत नाही, म्हणून खाली त्यांचा अंगठा तेवढा हवा होता.

सकाळीच इराप्पाची बायको कल्लव्वा येऊन गेली होती. रडली नाही बाई. "माणूस गेला तो गेला, बाबा. पण सोताच्या चुकीनं मेला असं लिवू देऊ नका. उद्या पोरं वाचतील," एवढंच म्हणाली.

"किती थर होते?" बाबांनी आता विचारलं.

"एकवीस."

"एकवीस थर मीच लावायला शिकवले त्याला."

"तागाच्या पोत्यांचे, बाबा! आता ताग राहिलाय कुठं?" भूपालला जोर चढला. "बिस्किटवाले, सरबतवाले तागाचं पोतं दारात उभं करत नाहीत. साखरेत तंतू निघतात म्हणतात. परदेशी गिऱ्हाईक तर नावच काढू देत नाही. सरकार म्हणतं थोडी तरी तागात भरा, म्हणून थोडी भरायची. बाकी सगळं प्लास्टिक. हलकं, स्वस्त, ओल लागत नाही. आणखी पाच वर्षांनी बघा, पन्नास किलोचं पोतं शोधावं लागेल. सगळा माल किलोकिलोच्या पुड्यांत जाणार. मी तीन वर्षांपूर्वी हे लिहून दिलं होतं. अगदी तस्संच होत चाललंय!"

"हुशार आहेस," बाबा म्हणाले.

भूपाल खुलला. मला मात्र असा राग आला म्हणून सांगू... माणूस मेलाय आणि हा पुड्यांचं कौतुक सांगत बसलाय.

"प्लास्टिकवर प्लास्टिक घसरतं?"

"थोडं घसरतं. म्हणून तर थर कमी लावा असं सांगितलं होतं."

"कुणी सांगितलं?"

"नोटीस लावली होती गोदामाच्या दाराला."

"इराप्पाला वाचता यायचं?"

भूपालनं हातातला कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"थर कमी केलेस. मग गोदाम वाढवलंस?"

"ते माझ्या हातात नाही, बाबा. माल तर येतच राहतो. कुठंतरी ठेवायलाच लागतो."

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, "थप्पी घसरली तेव्हा इराप्पानं काय केलं?"

"खाली होते ते सांगतात, त्यानं हात कमरेला नेला."

बाबांनी डोळे मिटून घेतले.

हमालाच्या कमरेला पोती ओढायचा लोखंडी हूक खोचलेला असायचा. पायाखालची थप्पी हलली की तो हूक शेजारच्या थप्पीतल्या पोत्यात खुपसायचा आणि लटकून राहायचं, ही बाबांचीच शिकवण. बाबा स्वतः दोनदा तसे वाचलेले.

"हूक नव्हता त्याच्याकडं?"

"सगळ्यांचेच जमा केले होते. तागाला हूक लागला तर भोक परत मिटतं. प्लास्टिक फाटत जातं. साखर सांडते, गिऱ्हाईक माल परत पाठवतं."

"कुणी जमा केले?"

भूपाल कागदाची कडा बोटानं सारखी करू लागला.

"कुणी, भूपाल?"

"हुकुमावर सही माझी होती." त्याचा आवाज एकदम बसला. मग तोच एवढ्यानं ओरडला, "पण मी केले नसते तर दुसऱ्या कुणी केले असते! सगळ्या कारखान्यांत हेच चाललंय. मी काय त्याच्या वाईटावर होतो का, बाबा? बाजारच तसा फिरलाय. हे सगळं बाजारानं केलं."

बाबांनी त्याच्याकडं बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. इराप्पासाठी की समोर बसलेल्या ह्या शहाण्यासाठी, मला कळलं नाही.

"शाई आणलीस?"

"आणलीय की!" भूपालनं घाईघाईनं खिशातनं शाईची डबी काढली.

म्हातारा अंगठा देतोय की काय! सकाळचा कल्लव्वाचा चेहरा डोळ्यांपुढनं हलेना. काहीतरी करून हे थांबवावं म्हणून मी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. हात धुतल्याशिवाय बाबा भाकरीला शिवत नाहीत.

"जेवायची वेळ झाली, बाबा. आधी हात धुवा. ते कागदाचं मग बघू."

बाबांनी तांब्या बाजूला सारला. अंगठा देताना माणूस डावा हात पुढं करतो. बाबांनी उजवा केला, ज्या हातानं जेवतात तो. अंगठा डबीत नीट दाबला, फिरवला, वर काढला. भूपालनं कागद त्यांच्या मांडीवर सरळ करून धरला.

अंगठा कागदावर आला... आणि वरच थांबला.

"बाजारानं केलं म्हणालास?"

"हो, बाबा."

"मग आधी त्याचा अंगठा घेऊन ये. त्याच्या शेजारी मी माझा उमटवतो."

भूपाल कसनुसं हसला. बाबा हसले नाहीत, तसं त्याचंही हसू गेलं.

"बाजाराचा अंगठा कुठनं आणू, बाबा?" तो अगदी रडकुंडीला आला होता. "सकाळी मीटिंग आहे. हमाल कामावर आले नाहीत तर मला तोंड दाखवायला जागा नाही. असं कोड्यात बोलू नका हो... मी तुमचा आहे ना?"

"माझाच आहेस," बाबा म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली आणि शाई न लागू देता डाव्या हातानं त्याच्या खिशात ठेवली.

भाकरी निवत चालली होती, मी तांब्या पुन्हा पुढं केला. बाबांनी तांब्याकडं बघितलंही नाही.

"जा, भूपाल. तो अंगठा घेऊन तू येईपर्यंत मी हात धुवत नाही."