खुर्चीतलं विमान

"मग चूक कोणाची, सर? माझी की विमानाची?"

निहार रणपिसेने हे तिसऱ्यांदा विचारलं.

इनामदार सर झारीने कढीपत्त्याला पाणी घालत होते. घालत राहिले.

आमच्या गल्लीच्या टोकाला तारेचं कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे विमान शिकवायच्या शाळेची धावपट्टी. सरांनी अर्धं आयुष्य तिथे पोरांना उडायला शिकवलं. आता ते घरीच असतात. पण शाळेचे मुख्य पाठारे साहेब हे त्यांचेच शिष्य. एखाद्या पोराबद्दल मनात शंका आली की साहेब त्याला सरांकडे धाडतात.

निहारबद्दल शंका होती. मागच्या आठवड्यात तो एकटाच विमान घेऊन गेला होता. उतरताना विमान चेंडूसारखं उसळलं, पुन्हा आपटलं, पुन्हा उसळलं, आणि शेवटी पुढचं चाक मोडून पंखा जमिनीला घासला. पोराला साधं खरचटलंही नाही. विमान मात्र अजून ताडपत्रीखाली झाकलेलं आहे.

आता सर हो म्हणाले तर उद्या सकाळी पुन्हा एकट्याने उड्डाण. नाही म्हणाले तर कायमची घरची, लातूरची गाडी.

मी अंगणात कुरडया वाळत घातल्या होत्या. कावळे राखायला कोणीतरी थांबणं भागच होतं. आणि सरांची-आमची मधली भिंत कमरेएवढीच आहे, त्याला मी काय करणार?

"लहान विमानांना अपघात कशाने होतात?" सरांनी विचारलं.

निहारचा चेहरा एकदम खुलला. हे त्याला पाठ होतं.

"पेट्रोलमध्ये पाणी शिरतं आणि उडण्याआधी कोणी तपासत नाही. कमी उंचीवर वेग नसताना एकदम तीव्र वळण घेतलं, तर पंख हवा धरत नाहीत, विमान गरगरत खाली येतं. वर जाताना इंजिन बंद पडलं, तर नाकासमोर उतरायचं सोडून मागे पट्टीकडे वळायला जातात. कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो. आडवा वारा. ढगात घुसणं. अंधार पडेपर्यंत—"

"बर्फ?" माझ्या तोंडून निघून गेलं. "तापल्या इंजिनात?"

"हो काकू. घामाच्या दिवसांतसुद्धा."

माझं डोकं तिथेच गरगरलं.

"लेखी परीक्षेत मी पहिला होतो, सर," निहार म्हणाला.

सरांनी मान डोलावली. "ही विमानाची कारणं झाली. पुढे?"

"पुढे...?"

निहारने आठवून पाहिलं. "पुढे काही नाही, सर. एवढीच आहेत."

सरांनी ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि अंगणाच्या मधोमध ठेवली.

"बस. उतरव."

ही त्यांची शिकवायची रीतच आहे. खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, आणि हातापायांनी आख्खं विमान चालवायचं. गल्लीत नवीन राहायला आलेली माणसं सुरुवातीला घाबरतात. आमच्या सासूबाई तर अंगात आलंय समजून हळदीकुंकू घेऊन धावल्या होत्या.

निहार बसला. डोळे मिटले. विमानाचा दांडा पकडल्यासारखी डावी मूठ छातीपुढे धरली.

"वेग बरोबर... उंची बरोबर... पट्टी समोर... नाक हळूच वर... टेकलो."

डोळे उघडून तो हसला.

"पुन्हा. वारा डावीकडून."

"डावा पंख थोडा खाली... सरळ... टेकलो."

"पुन्हा. फार उंच आलायस. वेगही जास्त."

निहारच्या कपाळाला आठी पडली. "थोडा पुढे उतरतो... टेकलो. ब्रेक."

"पट्टी संपली. मेलास."

"पण सर..."

"पुन्हा. पट्टीवर म्हैस."

"म्हशीच्या पलीकडे उतरतो."

"म्हैस चालायला लागली."

"मग अलीकडे."

"ती थांबली. मेलास. म्हैसही मेली."

मला हसू आवरेना. निहारने डोळे न उघडताच माझ्याकडे तोंड वळवलं, तेव्हा मी कुरडयांकडे बघायला लागले.

"पुन्हा," सर म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता. "टेकलास. आणि उसळलास."

विमानाचं नाक खाली रेटायला निहारची डावी मूठ आपोआप पुढे दाबली गेली, जशी त्या दिवशी दाबली गेली असेल.

"चाक मोडलं," सर म्हणाले.

निहार उठून उभाच राहिला.

"मग करू तरी काय, सर? उंच असलो तर मरतो, खाली आलो तर मरतो. म्हैस थांबली तरी मरतो, चालली तरी मरतो. याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे?"

सरांनी वेगळंच विचारलं.

"उजवा हात कुठे होता?"

निहारने उजव्या हाताकडे पाहिलं. तो हात सगळा वेळ मांडीवर निवांत पडला होता.

"तो... इंजिनाच्या दट्ट्यावर असतो, सर."

"कशाला?"

"उतरणं बिनसलं तर दट्ट्या पुढे ढकलायचा. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा आणि न उतरता परत वर जायचं."

"गेलास कधी?"

"एकदाही नाही!" निहारची छाती तेवढ्यातही फुगली. "सर, आख्ख्या बॅचमध्ये मी एकटा आहे, ज्याने अजून वडे दिले नाहीत."

सरांनी पुन्हा झारी उचलली होती, ती तशीच हातात राहिली.

"कसले वडे?"

"तुम्हाला माहीत नाही? न उतरता परत वर गेला, त्याची प्रदक्षिणा झाली म्हणतात. त्याने संध्याकाळी सगळ्यांना वडे खाऊ घालायचे. पोरं घंटा वाजवतात, विचारतात, 'काय महाराज, देव पावला का?' तो रोहन तर हल्ली विमानातून उतरला की तोंड लपवून मागच्या दाराने जातो." निहार हसला. "फार जुनी प्रथा आहे, सर. शाळा निघाल्यापासूनची."

झारीतून पाणी त्यांच्या पायावर गळत होतं.

"शाळा निघाल्यापासूनची नाही," ते म्हणाले. "तिसरी बॅच होती. मीच सुरू केली."

"तुम्ही?"

"हो. फक्त... जो परत वर जायचा, त्याला बाकीची पोरं वडे खाऊ घालायची."

निहारचं तोंड उघडं राहिलं. माझंही.

"मग उलटं कधी झालं, सर?"

"माहीत नाही."

"कोणी केलं?"

"माहीत नाही. मी रोज तिथेच होतो."

सर कोणावर रागावले होते, मला कळेना. पोरावर? पाठाऱ्यांवर? वड्यांवर? तेवढ्यात एक कावळा कुरडई घेऊन उडाला आणि मी त्याला हाड म्हणायचंही विसरले.

निहार खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

"पहिल्या उसळीलाच वाटलं होतं, सर. वर जावं म्हणून."

"मग?"

"शेडपाशी पोरं उभी दिसली."

"घंटा घेऊन?"

"नाही. नुसतीच उभी होती. घामच पुसत होती बहुतेक. पण... दिसली."

सरांनी झारी खाली ठेवली.

"बस."

"सर, आता नको. डोकं चालत नाहीये."

"म्हणूनच बस."

निहार बसला. या वेळी उजवा हात मांडीवरून उठला आणि समोर हवेत थांबला.

"वारा नाही," सर म्हणाले. "म्हैस नाही. उंची बरोबर, वेग बरोबर. सगळं ठीक आहे. उतर."

"पट्टी समोर..." निहार पुटपुटला. "नाक हळूच वर..."

मी श्वास धरला. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या पोराकडे बघून, बघा.

"आता..."

आणि उजवा हात पुढे गेला. "परत वर!"

"का?" सरांनी विचारलं. "सगळं ठीक होतं की."

"माहीत नाही, सर. काहीतरी बरोबर वाटलं नाही. की उगाच वाटलं... सांगता येत नाही."

"पुन्हा. सगळं ठीक आहे."

"वेग बरोबर... पट्टी समोर... परत वर."

"आता काय झालं?"

"आता तर काहीच कळत नाहीये, सर." त्याने डोळे उघडले. ते भरले होते. "आधी मला सगळं येत होतं. इथे आलो आणि साधं उतरणंही विसरलो."

सर कढीपत्त्याची वाळकी पानं खुडायला लागले.

मला राहवलं नाही. "अहो सर, कशाला पोराला घोळात घेताय? एवढ्या लांबून आलंय ते. काय चुकलं ते एकदा सांगून टाका ना!"

"वहिनी," सर शांतपणे म्हणाले, "कुरडया."

वळून पाहिलं तर दोन कावळे परातीतच उतरले होते. मी हाकलून येईपर्यंत निहार उठला होता. त्याने खुर्ची उचलली, ओट्यावर जागच्या जागी ठेवली, आणि सरांना वाकून नमस्कार केला.

"मी गाडीचं बघतो, सर. संध्याकाळी एक आहे लातूरला."

सरांनी खिशातून फोन काढला. चष्मा कपाळावर चढवला, नंबर लावला. निहार फाटकाच्या कडीवर हात ठेवून थांबला. मागे वळून बघायची त्याची हिंमत नव्हती, आणि पुढे जायचीही.

"पाठारे, इनामदार बोलतोय. हां, बघितलं पोराला."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

सर निहारच्या पाठीकडे बघत होते.

"उतरणं? नाही रे. शेवटी शेवटी तर त्याला उतरताच येईना, दरवेळी परत वर... उद्या एकट्याला सोड."