पाय जमिनीला न लागणारी साळू

सरका रे जरा, सगळ्यांना पांघरूण पुरू दे. हां. तर एक होता राजा, त्याचं नाव भैरोजी. त्याला एक मुलगी, साळू, आणि एक मुलगा, गेनू. मुलांची आई त्यांच्या लहानपणीच देवाघरी गेली होती. राज्य बरं होतं, पीकपाणी बरं होतं. पण साळूला चैन म्हणून नव्हतं. पाटावर बसली की तिचे पाय हलायचे. उभी राहिली की बोटं हलायची. एक वेणी घालता घालता ती तीन दालनं फिरून यायची. अंथरुणावर पडली तरी मन आपलं भिरभिरतच राहायचं. हात काटक्यांसारखे झाले होते, ओठ फुटले होते, आणि पोटात सारखं गुरगुर, गुरगुर.

आता असं का व्हायचं, ते ऐका. त्या घरात एक व्रत होतं. फार पूर्वी मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा राजाच्या पणजोबांना तीन गरीब घरांनी जगवलं. एका घरानं चण्याची कोरडी उसळ दिली, दुसऱ्यानं मिरचीचा ठेचा, तिसऱ्यानं वाटीभर गार दही. पणजोबांनी त्या घरांना हात जोडले. ते म्हणाले, यापुढे आमच्या पंगतीत हेच तीन जिन्नस, सगळ्यांना सारखे, कमी नाही नि जास्त नाही. तेव्हापासून रोज तेच. पानात काही टाकायचं नाही.

मग काय व्हायचं, चणे साळूच्या पोटात जायचे आणि त्यांचा वारा व्हायचा. ठेचा राजाच्या पोटात जायचा आणि त्याचा विस्तव व्हायचा. राजाच्या कपाळावर पाण्याचा थेंब पडला तर चुर्र वाजायचं, बरं का. आणि दही गेनूला भोवायचं. तो इतका जड नि सुस्त झाला, की बसला की पाट मोडायचा, आणि निजला की त्याला उठवायला आठ माणसं लागायची.

एकदा काय झालं, साळू जेवून उठली आणि तिचे पाय जमिनीला लागेनात. वीतभर वर! ती घाबरून ओरडली, "बाबा, मी कुठे चालले?"

राजानं पाच शेर सोन्याचे तोडे घडवले आणि तिच्या पायात घातले. एक दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी साळू तोड्यांसकट वर.

मग राजानं तिला दोरानं गेनूच्या कमरेला बांधलं. तेही बरं चाललं. पण गेनूनं झोपेत कूस बदलली, गाठ सुटली, आणि साळू जाऊन अडकली पिंपळाच्या शेंड्यावर. शिडी लावून उतरवली.

मग राजा म्हणाला, "मीच धरतो दोर. बघतो कशी जाते!" त्यानं दोर हाताला गुंडाळला. साळू वर जायला लागली. तसा राजाला राग आला. राग आला तसे हात तापले. हात तापले आणि दोर जळून तुटला. गेली की साळू!

वरून सगळं दिसत होतं. नदी दिसली, डोंगर दिसला, परक्या गावांची देवळं दिसली. पण थांबायला कुठेच येईना. ढगाला हात लावावा तर तो पुढे जायचा. तिला वाटे, नको मला नदी, नको डोंगर. दोन पाय टेकवायला दोन पावलं जागा दे रे देवा, बास.

संध्याकाळी वारा पडला, तशी ती खाली खाली आली आणि एका तेल्याच्या घरावर अडकली. तिथली ठकूबाई तेलीण अंगणात तीळ पाखडत होती. तिनं वर बघितलं.

"अगं बये! ही कुणाची पोरगी माझ्या कौलावर? ये खाली."

"येता येत नाही हो मावशी."

"काय खाल्लं होतंस?"

"चणे."

"आणि काल?"

"चणे."

"परवा?"

"चणेच."

"मग उडशील नाही तर काय करशील!"

ठकूबाईनं लुगड्याचा पदर वर फेकला, साळूला ओढून घेतलं आणि खांबाला धरून बसवलं. मग ऊन ऊन मऊ भात वाढला. त्यावर घाण्याचं ताजं तिळाचं तेल, जिरं, मीठ. साळूनं पहिला घास खाल्ला, पोटातली गुरगुर थांबली. दुसरा खाल्ला, बोटं निवांत झाली. तिसरा घास गिळला आणि तिच्या टाचा सारवलेल्या भुईला लागल्या. गार, ओलसर भुई. साळूला रडूच फुटलं.

मग तिनं बघितलं, त्या घरात जेवायला तीन माणसं, आणि तिघांची ताटं वेगळी. तेलिणीच्या रागीट सासूला गार दूधभात. झोपाळू नवऱ्याला सुंठ-मिरी घातलेलं कुळथाचं कढण. ठकूबाई स्वतः वाळकी नि चपळ, तिला तेल-तुपाचा ऊन भात.

"आमच्याकडे सगळ्यांना सारखं वाढतात," साळू म्हणाली. "तुमच्यात भांडण होत नाही?"

"का व्हावं? सासूबाईंची चोळी मी नवऱ्याला घालते का?"

तेली पलीकडून हसला. सासू हसली नाही, पण तिनं दूधभात आणखी मागितला.

वैद्यलोक ह्याला वात, पित्त नि कफ म्हणतात. ठकूबाई म्हणायची वारा, विस्तव नि पाणी. सगळ्यांच्या अंगात तिन्ही असतात, पण एकाचा जोर जास्त.

साळू तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी ठकूबाईनं तिला बैलगाडीत घालून घरी नेलं, सोबत तेलाचा बुधला नि शिदोरी. राजाला आनंद झाला, पण शिदोरी बघून तो तापला.

"माझ्या मुलीला वेगळं वाढलंस? पणजोबांचं व्रत मोडलंस?"

"महाराज, वेगळं नाही वाढलं. तिचं तिला वाढलं."

"ते काही नाही. साळू, बस पंगतीला!"

साळू बसली. बापाचा शब्द कसा मोडणार? चणे खाल्ले, ठेचा खाल्ला, दही खाल्लं. खाता खाता पाय सुटले. अंगणातल्या पंगतीच्या मांडवाला टेकली, तिच्या डोक्यानं कापडी छताची बाजू उचलली गेली, आता आभाळच पुढे. राजानं उडी मारून तिचा पाय धरला.

"बाबा, भाजतंय! सोडा!"

सोडावं तर पोर जाते. धरावं तर पोर भाजते. राजाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही वाफाळतंच. त्यानं तोड्यात बोट अडकवलं, पण सोनं वितळायला लागलं.

ठकूबाईनं गार दुधाचा गडवा त्याच्या ओठाशी नेला. "आधी हे घ्या, महाराज. तुमचे हात निवल्याशिवाय ती खाली यायची नाही."

राजानं मांडवात टांगलेल्या पणजोबांच्या तसबिरीकडे बघितलं. मग मुलीच्या पायाकडे बघितलं. आणि घटाघटा दूध पिऊन टाकलं. व्रत त्यानंच मोडलं, बरं का. हात निवले. त्यानं साळूचा पाय घट्ट धरला. तोवर ठकूबाईनं पंगतीतच पेंगणाऱ्या गेनूला शिदोरीतलं सुंठेचं कढण पाजलं. तो शिंकला, डोळे चोळत उठला, आणि जन्मात पहिल्यांदा खांबावर सरसर चढला. त्यानं वरून साळूच्या तोंडात ऊन भाताचे घास घातले. एक, दोन, तीन. आणि बाप, मुलगी नि मुलगा तिघं धपकन चटईवर आले.

राजानं दोन्ही पोरांना जवळ घेतलं. मग म्हणाला, "त्या तीन घरांनी जे होतं ते दिलं, ते आम्हांला जगवायला. आणि मी त्याच अन्नानं माझी पोरं घालवत होतो."

तेव्हापासून वर्षातून एक दिवस सगळे त्या तिन्ही जिनसांचा एकेक घास खातात, त्या घरांची आठवण म्हणून. बाकी रोज ज्याला जे मानवेल ते. राजा निवला. गेनू घोड्यावर बसायला लागला, घोडाही कुरकुरेना. आणि साळू? ती अजून खूप भटकते. नदीवर जाते, डोंगरावर जाते. पण आपल्या पायांनी जाते, आणि दमली की जिथे वाटेल तिथे बसते.

राजाच्या घरी सगळे पोटभर जेवले आणि सुखात राहिले. तुम्हीही जेवलात. आता मिटा डोळे, झोप आली बघा दारात.