रंग का चिकटला नाही

"बंपर रंगवायचा, पण घासायचा नाही," रणधवलराजे म्हणाले आणि त्यांनी वनमाला पांचाळच्या हातातला पॉलिशपेपर काढून घेऊन खिशात घातला.

राजेसाहेबांचं राज्य आजोबांच्या काळातच गेलं होतं. मागे उरला होता राजवाडा, गावातली सगळी अध्यक्षपदं आणि एक लांबलचक मोटार. ती मोटार मागे घेताना त्यांनी स्वतःच कारंज्यावर घातली आणि मागचा प्लास्टिकचा बंपर वीतभर फाटला. कारंजंच चुकीच्या जागी आहे, असा निकाल दिवाणजींनी उभ्या उभ्या दिला. दुसऱ्या दिवशी कारंजं पाडलंही. बंपर मात्र वनमालाकडे आला. राजवाड्याच्या जुन्या पागेत तिच्या वडिलांपासून डेंटिंग-पेंटिंगची शेड होती.

तिनं बंपर धुऊन त्याचा तेलकटपणा काढला. तापल्या सळईनं चीर सांधली, वर पुट्टी भरून तेवढी जागा सपाट केली. आता रंग धरावा म्हणून उरलेला भाग खरबरीत करायला घेणार, तोच सरकार दारात उभे.

"घासल्याशिवाय प्लास्टिक रंग धरत नाही, सरकार."

"म्हणून आमची गाडी खरवडणार? चिरेपाशी झालं ते झालं. यापुढं एक ओरखडा उठला, तर शेड खाली करायची. आणि रंग नीट बसला नाही, तरीही खाली करायची."

"म्हणजे कसंही झालं तरी खालीच?"

"सरकार नेहमी दोन्ही बाजूंनी विचार करतात," दिवाणजी हात जोडून म्हणाले.

ते गेल्यावर वनमाला बराच वेळ बंपरकडे बघत बसली. शेड गेली तर जायचं कुठं? आणि या माणसाला समजवायचं तरी कसं? एकांतात त्याला कुणाचं ऐकू येत नाही. चारचौघांत मात्र त्याला ऐकावंच लागतं. ती उठली आणि हुकमाप्रमाणं, काडीचाही ओरखडा न उठवता, तिनं बंपरला रंग मारला. दिसायला असा झाला, की दिवाणजींनी त्यात बघून मिशा सारख्या केल्या.

सरकारांच्या वाढदिवशी सगळा गाव वाड्यापुढं जमला. गाडीला मागून झेंडूची माळ बांधायला दिवाणजी तार घेऊन आले.

"तार नको, दिवाणजी, ओरखडा उठेल," वनमाला म्हणाली. "चिकटपट्टी लावा."

दिवाणजींनी ती चांगली दाबून लावली. फोटो निघाले. मग मिरवणुकीच्या वाटेवर माळ घासू नये, म्हणून त्यांनीच ती ओढून काढली. दुधावरची साय निघावी तसा पट्टीबरोबर हातभर रंग निघून आला.

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"वनमाला!" राजेसाहेब कडाडले. "रंग का चिकटला नाही?"

"गुळगुळीत गोष्टीला काही चिकटत नाही, सरकार."

"असं कुठं असतं?"

"लांब कशाला जायचं? गायरान गेलं, गावानं आपल्यावर आरोप केला. दूधसंघ बुडाला, पुन्हा आपल्यावरच केला. शाळेचे पत्रे उडाले, तेव्हाही आपल्यावरच. त्यातला एक तरी चिकटला का?"

दिवाणजी हातातल्या माळेतली फुलं मोजू लागले. राजेसाहेबांनी बंपरकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं. चिडावं, तर आरोप अंगाला लागला असं होणार. ते हसले. आधी ओठांतल्या ओठांत, मग खरोखरच हसू आलं आणि पोट धरून हसले. मागोमाग गावही हसलं. गाव जरा जास्तच वेळ हसलं.

"दिवाणजी, पागेची जागा उद्याच हिच्या नावावर करा," डोळे पुसत राजेसाहेब म्हणाले आणि खिशातला पॉलिशपेपर काढून त्यांनी तिच्या हातात दिला. "घास बाई, पाहिजे तेवढा बंपर घास. फक्त आम्हाला सोड."